नवा धागा काढा

या, असे जवळ या. दाराशी कशाला बसता, पुढे जागा आहे. आज एका भोकाची गोष्ट सांगायची आहे. ते कुठे पडलं होतं आणि कुणी भरलं, हे ज्या बाईला सगळ्यात आधी कळायला हवं तिलाच सगळ्यात शेवटी कळलं. कान तेवढे इकडे असू द्या.

तर रफूबाईंनी करड्या लोकरी कोटाची खालची दुमड खिडकीच्या उजेडात उलटी केली आणि सुईच्या टोकाने आतला एक धागा हलकेच उचलला. समोर थोरल्या जाऊबाई दोन्ही हातांत फोन धरून उभ्या होत्या. त्यांचे कोपर जेवणाच्या टेबलावर टेकलेले होते, जीभ ओठांत दाबलेली होती, आणि श्वास मागच्या मिनिटापासून बंद होता.

"धागा बाहेरून आणायचा नाही," रफूबाई फोनकडे न बघता म्हणाल्या. "दुकानातला कितीही जुळता आणा, तो परकाच दिसतो. ज्या कापडाला भोक आहे, त्याच कापडाच्या दुमडीत धागा असतो. कुणाला दिसत नाही अशा जागी. तिथून मागून घ्यायचा. ओढायचा नाही, मागायचा."

धागा सरसर बाहेर आला. जाऊबाईंनी श्वास सोडला तो फोनमध्येही ऐकू गेला असेल.

"झालं?"

"झालं. बंद करा आता, जाऊबाई."

"कधीच केलं. तुझी प्रणाली उठली का बघ."

या प्रणालीचं असं झालं होतं. रफूबाई ज्या हस्तकला विद्यालयात एकतीस वर्षं रफू शिकवत होत्या, त्याची इमारत वर्षभरासाठी दुरुस्तीला गेली आणि सगळे वर्ग संगणकावर आले. संगणकाचे सर घरी येऊन सांगून गेले, "बाई, अभ्यासक्रम चालवायची एक प्रणाली आहे. तीत धडे ठेवायचे, विद्यार्थी येऊन बघतात." ते गेल्यावर जाऊबाईंनी विचारलं, "ही प्रणाली कोण ग? सरांची बायको का?" तेव्हापासून त्या घरात प्रणाली ही एक मुलगीच झाली. ती सकाळी उशिरा उठायची, पावसापाण्याची रुसून बसायची, आणि पासवर्ड चुकला की तोंड फिरवायची.

रफूबाईंना मात्र ती पहिल्याच दिवशी आवडली होती, आणि त्याला कारण सरांचं एक वाक्य होतं.

"ही कुणाच्या मालकीची नाही, बाई. हिची आतली सगळी घडण उघडी असते. कुणीही आत डोकावावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी. जगभरचे लोक फावल्या वेळात करतात."

"म्हणजे उलटी बाजू बघता येते?"

सर जरा थांबले. "हो. तसंच म्हणा."

"मग चांगली आहे," रफूबाई म्हणाल्या होत्या. ज्या कापडाची उलटी बाजू कुणी दाखवत नाही, त्यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

भाषेच्या यादीत आपली भाषा दिसली म्हणून त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. पडद्यावर अक्षरं आली : आलात? बसा. आत गेल्यावर पान रिकामं होतं, तिथे लिहिलं होतं : अजून काही नाही. घाई नाही. पासवर्ड चुकला तर : चुकलं. उसवा आणि पुन्हा घाला. आणि बाहेर पडायच्या बटणावर : जाताना सांगून जा.

"बोलते कशी बघ," जाऊबाई म्हणाल्या होत्या. "अगदी तुझ्यासारखी. माणसाला बसा म्हणते पण चहाचं विचारत नाही."

रफूबाईंना त्यात नवल वाटलं नाही. बसायला सांगण्यात नवल कसलं? मग एक बटण दिसलं : नवा धागा काढा. आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. रफूचा पहिला धडा तोच. त्यांनी धागा काढला.

नऊ आठवडे त्या धागे काढत होत्या. सतरा विद्यार्थी, सतरा धागे. वर्गाच्या खोलीत कधी सहाच्या वर मुली बसल्या नव्हत्या; इथे कुठून कुठून माणसं आली होती. एक ट्रकचालक होता, त्याचा स्वेटर गिअरच्या दांड्याला अडकून कोपराशी फाटायचा. एक परिचारिका होती, तिला वडिलांची शाल दुरुस्त करायची होती, पण ती कुणाच्या हाती द्यायला धजत नव्हती. ज्याचं जसं भोक, तसा त्याचा धागा. रफूबाई एका बोटाने लिहायच्या, जाऊबाई चित्रफीत जोडायच्या. विद्यार्थी आपापल्या कामाचे फोटो टाकायचे, उलट्या बाजूचेही, आणि मग एकमेकांच्या धाग्यात तोंड घालायचे. ट्रकचालकाने परिचारिकेला लिहिलं होतं, "ताई, भिऊ नका, मी पहिल्यांदा केलं तेव्हा स्वेटर टेबलक्लॉथला शिवला होता."

त्या दिवशी धाग्याची चित्रफीत जोडून होते न होते तोच दारावर टकटक झाली. संगणकाचे सर आले होते. चप्पल काढताना त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा खाली. रफूबाईंना ती नजर ओळखीची होती. नासलेलं काम दाखवायला आणणारी मुलगी तशीच बघते.

"बसा," त्या म्हणाल्या. "काय फाटलंय?"

"बाई, सगळ्या वर्गांचा अहवाल निघाला. तुमच्या वर्गापुढे लिहून आलंय, धडे शून्य."

जाऊबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "शून्य? माझे खांदे दुखून आलेत फोन धरून, आणि शून्य?"

सरांनी संगणक आपल्याकडे वळवला. थोडा वेळ नुसता माऊसचा आवाज. मग त्यांनी कपाळाला हात लावला, पण हसूही आवरेना.

"बाई, हे तुम्ही सगळं चर्चेत ठेवलंय."

"कशात?"

"धडे ठेवायची जागा वेगळी आहे. ही गप्पा मारायची जागा. इथे 'धागा' म्हणजे... संभाषण. कुणीतरी विषय काढायचा, बाकीच्यांनी बोलायचं. त्याला धागा म्हणतात."

रफूबाईंनी बोटात अजून धरलेल्या करड्या धाग्याकडे पाहिलं.

"मग ह्याला काय म्हणतात?"

सरांनी माऊस बाजूला सारला.

"शुक्रवारी प्राचार्यबाई पुढच्या वर्षाची यादी पक्की करतायत," ते शेवटी म्हणाले. "ज्यांचे धडे नाहीत ते वर्ग बंद. इमारत उघडल्यावर तुमची खोली पडदेकामाला जाईल."

ती खोली म्हणजे उत्तरेच्या मोठ्या खिडकीची. तिथे दिवसभर एकसारखा उजेड असायचा, सावली न पाडणारा. रफूला तसाच लागतो. एकतीस वर्षांत रफूबाईंनी विद्यालयाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं.

"घाबरू नका," सर घाईने म्हणाले. "मी दोन दिवसांत सगळं धड्यांच्या खान्यात हलवतो. तुमचं लिहिलेलं, तुमच्या चित्रफिती, सगळं."

"आणि त्यांचं?"

"त्यांचं हलत नाही. धड्यात फक्त शिक्षकाचं बसतं."

रफूबाई धागा बोटाभोवती गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. ट्रकचालकाचा टेबलक्लॉथ त्यांच्या डोळ्यांपुढे आला. परिचारिकेने तब्बल सात आठवड्यांनी, परवा, शालीत पहिली सुई घातली होती. धीर त्या टेबलक्लॉथने दिला होता. रफूबाईंनी नव्हे.

"त्यांचं मागे राहणार असेल तर नको, सर. भोकाला लावायला म्हणून सगळी दुमडच कापून आणली तर कोट तोकडा होतो. मी येते शुक्रवारी प्राचार्यबाईंकडे."

"अगं, तो हलवून देतोय तर हलवू दे ना," सर गेल्यावर जाऊबाई म्हणाल्या. "खोली जाईल हातची. तत्त्वं तुझी, आणि मी काय पडदे शिवायला बसू?"

"तुम्हाला पडदे येतात कुठे."

"तेच म्हणते मी."

विद्यालयाचं कार्यालय तेव्हा एका चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. प्राचार्यबाई शिस्तीच्या, उन्हाळ्यातही कोट घालणाऱ्या. त्यांच्या टेबलावरचे कागदसुद्धा ताठ बसायचे. सरांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर रफूचा वर्ग उघडून दिला.

"ह्याला धडा म्हणायचं का, बाई?" प्राचार्यबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "ह्यात अनुक्रम नाही, आरंभ नाही, शेवट नाही."

"वर्गात तरी मी कुठे दिला धडा?" रफूबाई म्हणाल्या. "प्रत्येकीचं भोक वेगळं असायचं. तिच्या शेजारी बसायचं, आणि बोलता बोलता भरायचं. ह्या प्रणालीने मला तेच करायला सांगितलं. मी केलं."

"मी यादीत काय लिहू मग? गप्पा?"

रफूबाईंनी पडद्याकडे बोट केलं. प्राचार्यबाई पान सरकवत राहिल्या. सरकवायची गती कमी होत गेली. परिचारिकेच्या शालीपाशी त्या थांबल्या, आधीचा फोटो पाहिला, कालच टाकलेला नंतरचा पाहिला, मग चष्मा वर सारून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या.

"भोक कुठे होतं?"

"आता नाही सांगता यायचं," रफूबाई म्हणाल्या. "तिलाही नाही सांगता यायचं."

प्राचार्यबाई खुर्चीत परत बसल्या. डाव्या हाताने त्यांनी कोटाची उजवी बाही जराशी आत दुमडली, आणि तिच्यावर हात ठेवून दिला.

"उद्यापर्यंत बघते. पण सर, आधी तो शब्द बदला. 'नवा धागा काढा' म्हणे. सरळ 'चर्चा सुरू करा' लिहा. आणखी कुणी फसायला नको."

बाहेरच्या खोलीत सरांनी आपला संगणक उघडला. शब्द बदलायचा म्हणजे तो जिथून आला तिथे जायला हवं. प्रणालीचे शब्द ज्यांनी आपल्या भाषेत आणले, त्यांच्या नोंदींचं एक पान होतं. शिक्षकांत आपली भाषा निवडणाऱ्या रफूबाई एकट्याच, म्हणून तिथे आजवर कुणी डोकावलं नव्हतं. रफूबाई त्यांच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या.

"हे बघा, प्रत्येक शब्दापुढे तो का निवडला तेही लिहिलंय," सर म्हणाले. "मेहनती माणूस दिसतो. 'नवा धागा काढा', कारण..." आणि ते वाचू लागले. "'आमच्या बाई म्हणायच्या, कापडाला बोलतं करायचं तर आधी एक धागा काढावा. माणसांचंही तसंच असावं.'"

रफूबाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला.

"वर जा जरा," त्या म्हणाल्या. "पहिल्या शब्दावर."

"'आलात? बसा.' कारण, 'आमच्या बाई उशिरा येणाऱ्याला कारण विचारत नसत. एवढंच म्हणत आणि सुरुवातीपासून सांगत.'" सर हसले. "खाली काय आहे... 'चुकलं. उसवा आणि पुन्हा घाला.' कारण, 'आमच्या बाई.' 'घाई नाही.' कारण, 'आमच्या बाई.' पुढे तर नुसतं 'बाई', 'बाई', 'बाई'."

"किती आहेत असे?"

"एकूण अकरा हजार वाक्यं आहेत. चार वर्षं लागलीत. एकाच माणसाने केलंय सगळं. नाव खरं नाही, टोपणनाव आहे. वहीवाली."

रस्त्यावरून एक गाडी गेली, चष्म्याच्या दुकानाची काच थरथरली. सरांनी बटणावर बोट ठेवलं.

"तर हा शब्द बदलायची विनंती टाकतो."

"टाकू नका."

"पण प्राचार्यबाई—"

"जिने घातला तिला विचारल्याशिवाय उसवू नये, सर. त्यांना सांगा, मी म्हणाले." मग थोडं थांबून, "तिला निरोप देता येतो का?"

"येतो. काय लिहू?"

रफूबाईंनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला. "आपल्या वर्गात यायची वाट कशी आहे, तेवढं लिहा. बाकी काही नको."

घरी येताना त्या दोन बस सोडून चालतच आल्या.

बावीस वर्षांपूर्वीची मुलगी. शेवटच्या बाकावर बसायची. सुई पुढ्यात तशीच, आणि ही वहीत डोकं घालून लिहिते आहे. एवढं काय लिहिते कोण जाणे. रफूबाईंनी पहिल्या महिन्यात हसण्यावारी नेलं, वहीवाली म्हणून हाक मारली, सगळा वर्ग हसला, तीही हसली. दुसऱ्या महिन्यात रागावल्या. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी तिच्या हाताखालची वही मिटली आणि म्हणाल्या, "रफू वहीत होत नाही. सुई धरायची नसेल तर जागा दुसरीला दे." मुलीने वही पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा होता. रफूबाईंनी त्या आठवड्यात दाराकडे किती वेळा पाहिलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आली असती तर एवढंच म्हणायचं ठरवलं होतं, जे सगळ्यांना म्हणत. ती आली नाही. माणसाच्या हातून असं एखादं भोक पडतं, वर असणाऱ्याला ते दिसत असतं, आणि खाली आपण त्यावर पदर ओढून हिंडत राहतो.

घरी जाऊबाईंनी संगणक उघडून ठेवला होता. आलात? बसा, असं पडद्यावर होतं.

रफूबाई बसल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण चष्मा मात्र त्यांनी दोनदा पुसला.

"जाऊबाई, ही माझ्यासारखी बोलते असं तुम्ही म्हणाला होतात."

"नऊ आठवडे म्हणतेय. माझं ऐकतं कोण ह्या घरात? काय म्हणाल्या त्या तुझ्या कोटवाल्या?"

"उद्या सांगणार."

"आणि तुझं तोंड असं का? खोली गेल्यासारखं नाही, काहीतरी सापडल्यासारखं दिसतंय."

रफूबाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं, वही मिटली तेही. जाऊबाईंनी मध्ये एकदाही टोमणा मारला नाही. ऐकून झाल्यावर फोनची काच पदराने पुसत बसल्या.

"म्हणजे प्रणाली मुलगीच होती," त्या म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते?"

शनिवारी सकाळी, दूध तापायच्या आत, जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून हाक दिली. वर्गात अठरावा धागा निघाला होता. लिहिणारीच्या नावाच्या जागी नुसतं 'प्राचार्य' असं होतं.

"वाच, वाच. मला चष्मा नाही."

"'कोटाच्या उजव्या बाहीला इस्त्रीने जळून भोक पडले आहे. दोन वर्षे दुमडून वापरते. होईल का? ता. क. वर्ग यादीत ठेवला आहे. खोलीही. 'चर्चा सुरू करा' लिहिण्याचे तूर्त स्थगित.'"

जाऊबाईंनी दूध उतरवलं. "दोन वर्षं. आणि आपण समजत होतो, थंडी वाजते बिचारीला."

परिचारिकेचं उत्तर खाली येऊनही गेलं होतं. "मॅडम, भिऊ नका," असं तिने लिहिलं होतं.

रफूबाईंनी ट्रकचालकाला टेबलक्लॉथचा किस्सा तिथे पुन्हा सांगायला लावला आणि प्राचार्यबाईंकडे बाहीच्या उलट्या बाजूचा फोटो मागितला. कामात सकाळ गेली. पण मध्येच त्या सहभागींच्या यादीवर जायच्या आणि परत यायच्या. सतरा, आणि प्राचार्यबाई धरून अठरा.

रविवार गेला. सोमवारही गेला. निरोप पोचला होता, असं सर म्हणाले. वाचला की नाही, ते कळत नव्हतं. जाऊबाई येता-जाता पडद्यावर नजर टाकायच्या आणि उगाच म्हणायच्या, "झोपली असेल."

मंगळवारी दुपारी रफूबाई बाहीसाठी नमुन्याचा धागा उचलत होत्या. फोन धरून उभ्या असलेल्या जाऊबाई एकदम म्हणाल्या, "धाकटे, हे काय आलं?"

पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उघडली होती.

दाराशी कुणीतरी आहे. आत घेऊ?

खाली नाव होतं, वहीवाली. त्याखाली दोन बटणं होती. एकावर 'आत घ्या'. दुसऱ्यावर 'नको' लिहायचं असतं, पण ज्या हाताने हे शब्द घातले त्या हाताने तिथे 'थोडं थांबा' लिहिलं होतं.

रफूबाईंनी सुई पिनकुशनमध्ये खोचली. पहिल्या बटणावर बोट ठेवलं. मग 'नवा धागा काढा' वर. लिहायच्या चौकटीत त्यांचं एक बोट बराच वेळ अक्षरं शोधत राहिलं. ओळखीची अक्षरं होती, एकतीस वर्षांची, पण आज सापडायला वेळ लागत होता.

जाऊबाईंनी मागून वाकून पाहिलं. ओळ लहानशीच होती.

आलीस? बस. वही असू दे.

रफूबाईंनी बटण दाबलं. जपून ठेवलं आहे, असं पडद्यावर उमटलं. खिडकीतून दुपारचा उजेड येत होता, करडा कोट मांडीवर होता, आणि जाऊबाई फोन बंद करायच्या विसरल्या होत्या.

आता उठायच्या आधी एवढंच करा. एखाद्या पडद्यावर तुम्हाला कधी आपल्या भाषेत 'या' म्हटलेलं दिसेल, तेव्हा कुणीतरी शेवटच्या बाकावर बसून तो शब्द तिथे ठेवलेला असेल. हात जोडाल तेव्हा त्या वहीवालीची आठवण करा. तिचं खरं नाव मला ठाऊक नाही. ज्याच्यापुढे हात जोडाल, त्याला ठाऊक असतं.